‘चंद्रकांता’: कादंबरी, मालिका आणि प्रेक्षकांची चर्चा

कादंबरीवर आधारलेल्या मालिकेचा नवा भाग संपला की प्रेक्षकांत चर्चा सुरू होते. त्या चर्चेत ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे वाक्य हमखास ऐकू येते. हे वाक्य समीक्षा ठरते का, आणि ठरत असेल तर कितपत, हा या टिपणाचा विषय आहे. त्यासाठी ‘चंद्रकांता’ हे उदाहरण घेऊ.

१. मूळ कृती

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ मध्ये आली. नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि चुनारचा राजा शिवदत्त यांच्याभोवती ती फिरते. अद्भुतरम्य कादंबरी मराठी वाचकाला नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) तुम्ही वाङ्मयेतिहासात अभ्यासल्या असतील. खत्रींचे वेगळेपण त्यांच्या ‘ऐयारां’त आहे. ऐयार म्हणजे वेषांतर करणारा, बेशुद्धीचे औषध वापरणारा, हेरगिरी करणारा चतुर सेवक. त्याच्याजवळ मंत्र नसतो, युक्ती असते. ‘तिलिस्म’ म्हणजे खजिना राखणारी मायावी वास्तू. तिचीही उकल शेवटी कळ, यंत्र आणि रसायन यांनी होते. कादंबरी आधी चकित करते आणि मग कारण सांगते. हा तिने वाचकाशी केलेला करारच आहे.

पुढे ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांत निघाली. म्हणजे पुढच्या भागाची वाट पाहणे आणि तोवर तर्क लढवणे ही सवय दूरदर्शनने लावली नाही. ती या कथाप्रकारात आधीपासूनच होती.

२. मालिका

नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ १९९४ पासून दूरदर्शनवर दाखवली गेली. झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारखे तहसिलीचे ठिकाण डोळ्यांसमोर आणा. तेव्हा घरोघर दूरचित्रवाणी संच नव्हते. ज्यांच्याकडे संच असेल त्यांच्याकडे शेजारपाजार जमायचा, आणि भाग संपल्यावर बोलणे ओघानेच यायचे. त्या प्रेक्षकांपैकी किती जणांनी खत्री वाचले असतील? फार थोड्यांनी, असेच मानावे लागते. मग त्यांची चर्चा कशाच्या आधारावर उभी होती?

येथे बुंदेलखंडाची एक परंपरा लक्षात घ्या. या प्रदेशात पावसाळ्यात ‘आल्हा’ गातात. महोब्याच्या आल्हा-ऊदल या वीरांची ही गाथा जगनिक कवीच्या नावावर आहे. पण ती शतकानुशतके तोंडी चालत आली आणि गायकागणिक तिचा पाठ बदलत गेला. अशा श्रोत्याला ‘मूळ संहितेत काय होते?’ हा प्रश्न फारसा सुचत नाही. ‘ऊदल असे करील का?’ हा प्रश्न मात्र नक्की सुचतो. पहिला प्रश्न निष्ठेचा आहे आणि दुसरा सुसंगतीचा. रूपांतराची समीक्षा करताना दोन्ही लागतात, पण ते एकच नव्हेत.

३. बदलाचे मूल्यमापन

मालिकेने अनेक बदल केले. त्यांतले दोन पाहू.

पहिला बदल क्रूरसिंहाचा. कादंबरीत कथा पुढे सरकते तसा शिवदत्त हाच मुख्य प्रतिस्पर्धी होतो. मालिकेत मात्र अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेला क्रूरसिंह, त्याच्या जाड भुवया आणि ‘यक्कू’ हा उद्गार लोकांच्या तोंडी बसला. हा बदल मुळाला सोडून आहे, पण मालिकेच्या गरजेला धरून आहे. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या प्रेक्षकाला लगेच ओळखू येणारा खलनायक हवा असतो.

दुसरा बदल अधिक गंभीर आहे. मालिकेत जादू आणि चमत्कार यांचे प्रमाण वाढले. कादंबरीचा वाचक ‘हे कसे घडले असेल?’ असा तर्क करतो, कारण उत्तर मिळणार हे त्याला ठाऊक असते. जादूने सुटलेल्या पेचात तर्काला जागाच राहत नाही. येथे एखादा प्रसंग गळाला एवढेच झालेले नाही; वाचकाचे कामच काढून घेतले गेले. ‘पुस्तकात असं नव्हतं’ या तक्रारीला खरे वजन येथे येते.

४. एक तुलना

‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११–२०१९) ही मालिका जॉर्ज मार्टिन यांच्या अपूर्ण कादंबरीमालेवर आधारलेली होती. उत्तरार्धात ती पुस्तकांच्या पुढे गेली, म्हणजे ताडून पाहायला मूळ उरलेच नाही. तरीही शेवटच्या पर्वावर नाराजी उसळली आणि ते पुन्हा करावे या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. एक प्रमुख आक्षेप असा होता की, पात्रांचे निर्णय आधीच्या घटनांतून येत नाहीत. हा आल्ह्याच्या श्रोत्याचाच प्रश्न झाला. मात्र सह्यांची संख्या म्हणजे युक्तिवाद नव्हे. आक्षेप पटतो तो कारणामुळे.

५. चर्चेची मर्यादा

प्रेक्षकांची स्मृती निवडक असते. ‘यक्कू’ अनेकांना आठवतो. पण चंद्रकांतेची मैत्रीण चपला स्वतः निष्णात ऐयारा आहे आणि वेषांतर करून पुरुष ऐयारांना चकवते, हे किती जणांच्या बोलण्यात येते? १८८८ च्या कादंबरीतील अशी कर्तबगार स्त्री चर्चेतून निसटते, कारण ती एका उद्गारात मावत नाही. आवड हा समीक्षेचा आरंभ असतो. जे आवडले नाही किंवा लक्षातच राहिले नाही, त्याकडे पुन्हा पाहिल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही.

म्हणून ‘पुस्तकात असं नव्हतं’ हे अर्धे वाक्य समजा. ‘आणि त्यामुळे वाचकाचे अमुक गेले, किंवा प्रेक्षकाला अमुक मिळाले’ हा उरलेला अर्धा भाग तुम्ही लिहायचा आहे.

स्वाध्याय

१. निष्ठेचा प्रश्न आणि सुसंगतीचा प्रश्न यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. तुमच्या भाषेतील कादंबरीवर आधारलेल्या एखाद्या मालिकेतील एक बदल निवडा. त्याने काय गेले आणि काय मिळाले, ते २०० शब्दांत लिहा.