अद्भुताचे मोल

कादंबऱ्यांचे वेड असलेली दोन माणसे एकत्र आली की "सध्या काय वाचता?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. त्याला उत्तर म्हणून एखाद्या सामाजिक किंवा ऐतिहासिक कादंबरीचे नाव सांगितले, तर गप्पा पुढे रंगतात. पण वैज्ञानिक किंवा अद्भुतरम्य कादंबरीचे नाव घेतले, तर समोरच्याचा चेहरा किंचित उतरतो. "अजून वाचता तसलं?" असे तो तोंडाने म्हणत नाही, एवढेच. या जातीचे वाङ्मय मुलांसाठी असते, मिसरूड फुटली की ते सुटावे, अशी आपली एक समजूत आहे. तिला विरोध करणारे निघतात तेही मोठे विलक्षण! अशा कादंबऱ्यांमुळे विज्ञानाचा प्रसार होतो, असे ते सांगतात. म्हणजे एका पक्षाच्या मते हा खाऊ आणि दुसऱ्याच्या मते औषध. ती कादंबरी आहे, कलाकृती म्हणून तिचेही काही बरेवाईट असू शकेल, हे दोघांच्याही मनात येत नाही.

वास्तविक मराठी कादंबरीला अद्भुताचा असा विटाळ असण्याचे कारण नव्हते. तिचे बाळपणच त्याच्या मांडीवर गेले. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीही त्याच सुमाराच्या. पुढे १९१३ साली नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने महाराष्ट्राला वेड लावले. मधल्या काळात हरिभाऊ आपट्यांनी मराठी कादंबरीला घरातले, माजघरातले दुःख दाखवले आणि तिला प्रौढत्व आले. हे ऋण मोठेच आहे. मात्र त्याबरोबर, जे घडू शकते तेवढेच गंभीर, असा एक दंडकही आपण नकळत स्वीकारला.

तोही आपण प्रामाणिकपणे पाळत नाही! १९५९ साली खांडेकरांची 'ययाति' आली आणि तिला पुढे ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळाला. बापाचे वार्धक्य मुलाने घ्यायचे आणि मुलाचे तारुण्य बापाने उपभोगायचे, याहून अशक्य गोष्ट ती कोणती? पण तिला कोणी पोरकट म्हटले नाही. अद्भुत पुराणातून आले की आपण त्याला पाट मांडतो आणि प्रयोगशाळेतून आले की दारातच अडवतो.

'ययाति'ची ही कथा मला या विषयात मोठी मार्गदर्शक वाटते. आपल्या पुराणकारांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वर फुकट मिळत नाही. ययातीला तारुण्य मिळते, पण ते पुरूच्या अंगावरून उतरवलेले असते. कच संजीवनी मिळवतो, आणि ती त्याला स्वतःला फळणार नाही असा देवयानीचा शाप घेऊनच स्वर्गात परततो. कर्णाची विद्या खोटे बोलून मिळवलेली, म्हणून ऐन वेळी ती आठवत नाही. चमत्कार आहे, पण त्याचा हिशेब कोणाच्या तरी नावावर मांडलेला आहे. अद्भुतरम्य कादंबरीची पारख करण्यासाठी यापेक्षा चांगली कसोटी मला सापडलेली नाही. या कादंबरीतल्या चमत्काराचे मोल किती, आणि ते कोण चुकते करतो? या प्रश्नाला ज्या पुस्तकाजवळ उत्तर नाही, ते कितीही चटकदार असले तरी मिटताच विसरते. ज्याच्याजवळ आहे, ते आपल्या संसाराइतकेच खरे वाटते. या कसोटीला उतरलेल्या, मला प्रिय असलेल्या काही कादंबऱ्यांची शिफारस येथे करते.

पहिला मान एच. जी. वेल्सच्या 'अदृश्य माणसा'चा. साल १८९७. आपल्याकडे गुप्त होणारे वीर कमी नाहीत. गुटिका तोंडात धरली की ते दिसेनासे होतात आणि त्यांचे कपडेही दिसेनासे होतात! वेल्स विचारतो, कपडे का म्हणून दिसू नयेत? त्याच्या ग्रिफिनने आपल्या शरीरावर प्रयोग केला, कोटावर नव्हे. तेव्हा अदृश्य राहायचे तर ऐन हिवाळ्यात, लंडनच्या रस्त्यावर, उघड्या अंगाने हिंडणे आले. अंगावर बर्फ पडले तर आकार उमटणार, पाय चिखलाने भरले तर पावले दिसणार. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहते, म्हणून चारचौघांत जेवायची चोरी. स्वतःचे पाय दिसत नाहीत म्हणून जिना उतरताना तो अडखळतो. पापण्याही पारदर्शक, त्यामुळे दिवसा झोपायचे तर डोळ्यांवर चादर ओढून घ्यावी लागते. जगावर राज्य करायला निघालेला हा माणूस थंडीने कुडकुडत, भुकेला, एका खेड्यातल्या खाणावळीत चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून येतो, तेथून ही कादंबरी सुरू होते.

वर्गात ही गोष्ट सांगताना मुलांकडून नेमका हाच प्रश्न येतो, "मग बाई, त्याला थंडी वाजत नव्हती का?" थोरांच्या आधी मुलांनाच हिशेब लागतो, हे ज्यांना या वाङ्मयाला 'मुलांचे' म्हणून हिणवायचे असते त्यांनी लक्षात घ्यावे.

पण थंडी आणि भूक हा मोलाचा वरवरचा भाग झाला. प्रयोगासाठी ग्रिफिनने बापाजवळचा पैसा चोरलेला असतो. तो पैसा बापाचाही नसतो, आणि म्हातारा स्वतःला गोळी घालून घेतो. बापाच्या अंत्यविधीला हजर असूनही ग्रिफिनला दुःख होत नाही. तो माणसांना दिसेनासा झाला तो पुढे, पण माणसे त्याला दिसेनाशी झाली होती ती त्याआधीच! शेवटी जमावाच्या मारांनी तो मरतो आणि मेल्यावर हळूहळू त्याचे शरीर दिसू लागते. तो प्रसंग वाचताना या दुष्टाविषयी जी कणव दाटून येते, ती काही विज्ञानाच्या प्रसारातून येत नाही.

दुसरी शिफारस एका कादंबरीची नसून एका माणसाची आहे. ज्यूल व्हेर्नचा कप्तान नेमो. तो भेटतो 'समुद्राखाली वीस हजार लीग' या १८७० साली पुरी झालेल्या कादंबरीत, आणि त्याची ओळख पटते ती पाच वर्षांनी आलेल्या 'गूढ बेटा'त. हा नेमो, म्हणजे 'कोणीच नव्हे' असे नाव धारण केलेला माणूस, बुंदेलखंडाच्या राजाचा मुलगा निघतो. राजपुत्र डाक्कार! १८५७च्या उठावात तो लढला, त्यात त्याचे सर्वस्व गेले, आणि मग तो समुद्राच्या तळाशी गेला. व्हेर्नच्या मनात आधी तो पोलंडचा होता आणि त्याचे वैर रशियाशी होते. प्रकाशकाला ते रुचले नाही. त्या अडचणीतून एक हिंदी क्रांतिकारक जागतिक वाङ्मयात अमर झाला, ही योगायोगाची कृपाच म्हणायची. व्हेर्नने त्याला टिपू सुलतानाचा भाचा केले आहे. तेथे इतिहासाची सांगड जरा सैल आहे, पण नेमोचे दुःख सैल नाही.

नेमोच्या पाणबुडीत बारा हजार ग्रंथ आहेत. आपणां वाचकांना हेवा वाटावा अशी ती खोली. पण पाणबुडी प्रथम पाण्याखाली गेली त्या दिवशी त्याच्यासाठी जग संपले. त्या दिवसानंतरचे एकही पुस्तक, एकही वर्तमानपत्र त्या कपाटात आलेले नाही. स्वातंत्र्यासाठी जमीन सोडलेल्या माणसाने स्वतःसाठीच केवढा तुरुंग बांधला आहे, हे त्या एका तपशिलाने कळते. माशांच्या नावांच्या लांबलचक याद्या येतात, त्या खुशाल ओलांडाव्या. पण शत्रूचे जहाज बुडवल्यावर एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडणारा नेमो ओलांडू नये. मराठी मुलांना व्हेर्नची गोडी लावली ती भा. रा. भागवतांनी. त्यांच्या पुस्तकांवर वाढलेल्यांनी मोठेपणी नेमोकडे पुन्हा एकदा जावे. लहानपणी पाणबुडी दिसते, मोठेपणी नेमो.

आतापर्यंतच्या दोन्ही गोष्टींत मोल एकट्याचे होते. सबंध जगाला ते कसे द्यावे लागते, हे पाहायचे तर कारेल चापेक या चेक लेखकाकडे वळावे. 'रोबो' हा शब्द जगाला मिळाला तो त्याच्या १९२०च्या नाटकातून. त्याची १९३६ची 'सॅलमँडरांशी युद्ध' ही कादंबरी मला त्या नाटकाहूनही थोर वाटते. सुमात्राजवळच्या एका बेटापाशी एका म्हाताऱ्या कप्तानाला माणसासारखे उभे राहणारे, बुद्धिमान जलचर सापडतात. शार्कपासून स्वतःचा बचाव करता यावा म्हणून तो त्यांना सुऱ्या देतो, आणि ते त्याला मोती काढून देतात. सौदा दोघांच्याही सोयीचा. मग कंपनी निघते, सॅलमँडरांचे बाजारभाव लागतात, त्यांना बोलायला शिकवले जाते, बंदरे बांधायला लावले जाते, आणि प्रत्येक राष्ट्र आपापल्या सॅलमँडरांना शस्त्रे पुरवते. एके दिवशी ते अदबीने कळवतात की त्यांची संख्या वाढली आहे, त्यांना किनारे हवेत.

यात नायक नाही. वर्तमानपत्रांतली कात्रणे, सभांची इतिवृत्ते, पंडितांच्या टिपा यांतून कथा पुढे सरकते आणि वाचक पोट धरून हसत असतो. हसता हसता कधी घशाला कोरड पडली ते कळत नाही. या साऱ्या पसाऱ्यात एक पोवोंद्रा नावाचा दारवान आहे. त्या कप्तानाला त्याने एके दिवशी धन्याच्या भेटीसाठी आत सोडलेले असते. या एवढ्या भांडवलावर तो आयुष्यभर कात्रणे जमवतो आणि म्हातारपणी, सारे माझ्यामुळे झाले, म्हणून झुरतो. ज्यांनी नफा खाल्ला त्यांना पश्चात्ताप नाही. दार उघडणारा गडी तेवढा अपराधी! आपला देश मित्रराष्ट्रांनीच वाऱ्यावर सोडलेला पाहून चापेक १९३८च्या नाताळात वारला.

चौथी कादंबरी सरळसरळ जादूची. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची, १९६८ साली प्रसिद्ध झालेली, 'अर्थसीचा जादूगार'. लिहिली ती मुलांसाठी, किशोरांसाठी. अर्थसी म्हणजे बेटांचे जग. तेथे वस्तूचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता. गेड हा तांबूस सावळ्या वर्णाचा, शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणारा लोहाराचा पोर या विद्येत असामान्य. त्याचा पहिला गुरू ओजियन मात्र त्याला पावसात भिजत रानातून नेतो. पाऊस थांबवायची शक्ती अंगी असताना तो झाडाचा आडोसा शोधतो! चिडलेल्या गेडला कळत नाही की मग या शक्तीचा उपयोग काय. एका बेटावरचा पाऊस वळवला तर दुसरीकडे दुष्काळ पडेल, जगाचा तोल ढळेल, हे त्याला फार उशिरा उमगते. त्याआधी एका सोबत्याशी लागलेल्या ईर्ष्येपायी तो मृताला हाक मारतो आणि त्या फटीतून एक छाया जगात येते. तिला परतवताना गुरुकुलाचा वृद्ध कुलगुरू प्राण देतो. उरलेली कादंबरी म्हणजे गेड आणि ती छाया. शेवट येथे सांगत नाही. एवढेच म्हणते की 'आपले पाप आपल्या पाठीशी' हे आपण सहज बोलतो, त्याचा एवढा निखळ प्रत्यय मला अन्यत्र आलेला नाही.

आणि मराठीत? मराठीत जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा ना. वि. जगताप या टोपणनावाने पाठवली. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, हा त्यातला विवेक. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि या वाङ्मयप्रकाराला मराठीने उशिरा का होईना पाट मांडला. २०२५च्या मे महिन्यात ते गेले. त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आपल्या कसोटीला लावून पाहावी. भूमीत पुरलेली, कोणा प्राचीन प्रगत संस्कृतीची ठेव हाती लागते. तिच्यातल्या ज्ञानावरून वामन हा यंत्रमानव घडवला जातो. पण ज्यांनी ही ठेव ठेवली ते लोक नाहीसे का झाले, हे घडवणाऱ्यांना आधी ठाऊक नसते. वारशाबरोबर वारसा ठेवणाऱ्याचे कर्जही येते, ही मोठी कल्पना नारळीकरांनी बलिप्रतिपदेच्या कथेशी एका नावाने जोडली आहे. त्यांची पात्रे फिकी आहेत, संवाद पुष्कळदा व्याख्यानाच्या अंगाने जातात, हे कबूल केले पाहिजे. वेल्सचा ग्रिफिन जसा आपल्याजवळ येऊन कुडकुडतो, तसे येथे कोणी कुडकुडत नाही. तरीही मोल विचारण्याची नारळीकरांची शिस्त मराठी कादंबरीकारांनी त्यांच्याकडून शिकण्याजोगी आहे.

एक आक्षेप उरतो. हे सारे वाचणे म्हणजे जगापासून पळणे नव्हे काय? पळवाटेची पुस्तके पुष्कळ आहेत, हे खरे. नायकाने बोट दाखवावे आणि शत्रू भस्म व्हावा, पुढच्या प्रकरणात त्याहून मोठा शत्रू यावा आणि बोटही त्याहून मोठे व्हावे! अशी पुस्तके खपतात आणि खपोत. पण तीच गत 'वास्तव' म्हणवणाऱ्या कित्येक कादंबऱ्यांची असते. गरीब नायकाला शेवटच्या प्रकरणात श्रीमंत मामा भेटतो, हा तरी कोणता कमी चमत्कार? त्याचे मोल मात्र कोणी दिलेले नसते. पळवाट चमत्कारात नसते, ती फुकटेपणात असते.

ज्यांनी या वाटेला पाऊल टाकलेले नाही त्यांनी 'अदृश्य माणसा'पासून आरंभ करावा. पुस्तक लहान आहे, इंग्रजी फारसे अवघड नाही, आणि खाणावळीचे दार उघडल्यावर ते मिटवत नाही. त्यानंतर गेड, मग नेमो. सॅलमँडर शेवटी, कारण त्यांना वाचकाच्या गाठीशी थोडी वर्तमानपत्रे आणि थोडे आयुष्य जमलेले लागते. नारळीकर केव्हाही. घरात दहाबारा वर्षांचे मूल असेल तर गेडची गोष्ट त्याला मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ते मध्येच काय विचारते तिकडे नीट लक्ष द्यावे.