दोघांचा संवाद आणि तिसऱ्याचे पाणी

हिंदू-मुस्लिम ऐक्यावर मराठीत जे लेखन होते त्यात एक यादी ठरलेली असते. कुठे दंगल झाली की महिन्या-दोन महिन्यांत ही यादी वाचली जाते. मलंगगड, शिर्डी, श्रीगोंद्याचे शेख महंमद, दौलताबादचे चांद बोधले. तात्पर्यही ठरलेले असते: बघा, इथे दोन्ही समाज एकाच चौथऱ्यावर डोके टेकवतात, चादरीशेजारी नारळ असतो, आणि भांडणे लावतात ते बाहेरचे. दुसऱ्या बाजूला ‘हे मूळचे आमचेच, ते मोकळे करा’ म्हणणारे आहेत. त्यांचे राजकारण उघड आहे आणि त्यांच्याविरुद्ध आपण लढलेच पाहिजे. मला आज बोलायचे आहे ते पहिल्यांविषयी, म्हणजे आपल्या मित्रांविषयी. त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांची यादी अर्धी आहे.

अर्धी का, ते सांगण्याआधी माझ्या आजीची गोष्ट सांगतो. ती दर वर्षी शेजारच्या गावच्या पिराला जाई. गावातल्या देवळाचा तिला फक्त कळस माहीत होता, पण पिराच्या ओट्यापर्यंत ती जाऊ शके. माझ्या बापाचा जन्म त्या पिराच्या नवसाचा, असे ती मरेपर्यंत सांगत राहिली. म्हणून दर्ग्याचे दार उघडे होते हे मी नाकारणार नाही. देवळाने लाथाडलेल्या बाईला तिथे रडायला जागा मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच आजीने आणखीही एक सांगितले होते. मुजावर तिचा नारळ हातात घेत नसे. ती तो ओट्यावर ठेवी, मग तो उचलला जाई. कंदुरीच्या जेवणाला आमची माणसे शेवटी आणि वेगळी बसत. ऐक्यावरच्या लेखात आजी भाविक म्हणून येते. तिचा नारळ ओट्यावर कसा पोचला, हे त्यात येत नाही.

या विचारसरणीचा पाया साहित्यात आहे, म्हणून साहित्यापासूनच सुरुवात करू. एकनाथांचे ‘हिंदू-तुर्क संवाद’ हे भारूड ऐक्याच्या प्रत्येक व्याख्यानात निघते, आणि ते निघण्यासारखे आहेही. सोळाव्या शतकात एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या धर्मातली विसंगती काढतात, कडाडून भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात. एवढा मोकळेपणा आजच्या चर्चासत्रात दिसत नाही. पण संवादात माणसे दोनच आहेत. तिसरा कुठे आहे? एकनाथांनी तिसऱ्याला विसरले असे नाही. त्यांची महाराच्या तोंडची भारुडे आहेत, आणि त्यातला महार ब्रह्मज्ञान सांगतो. पण तो बोलायला सुरुवात करतो ती जोहार घालून. तुर्काला वाद घालण्याचा अधिकार आहे. महाराला शहाणपण सांगण्याची मुभा आहे, तीही वाकून. एकाच कवीच्या रचनांमध्ये हा फरक आहे. हा दोष एकट्या नाथांचा नव्हे. ज्या समाजात ते उभे होते, त्या समाजात मुसलमानाशी भांडण होऊ शकत होते कारण तो समोर उभा राहू शकत होता. भांडायलासुद्धा बरोबरी लागते.

नाथांचे गुरू जनार्दनस्वामी. त्यांचे नाव दौलताबादच्या किल्ल्याशी जोडलेले आहे. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी परंपरेतले होते, असे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले. ढेऱ्यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ १९६७ साली आले. या संशोधनाचे ऋण मी मानतो. मराठी संस्कृती ही एका धर्माची मिरास नाही, हे त्याने दाखवून दिले. म्हणून समन्वयाच्या यादीत दौलताबाद मानाने बसते.

आता त्याच किल्ल्याची दुसरी हकीकत. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या वाटेवर दौलताबादला गेले. किल्ला तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि महिना रमजानचा होता. दाराशी पाण्याने भरलेले एक टाके होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी तिथे हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी तळे बाटवले. जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. उद्या आम्ही मुसलमान झालो तर आम्हाला या पाण्यापासून अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर पहारा म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला. ही घटना बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे, आणि निष्कर्षही काढला आहे: हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्य.

याच्या सात वर्षे आधी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, ख्रिस्ती भरत होते. सवर्ण हिंदूंचा त्याला विरोध नव्हता. म्हणजे समन्वयवाद्यांच्या व्याख्येप्रमाणे चवदार तळे हे सलोख्याचे आदर्श ठिकाणच म्हटले पाहिजे! आम्ही पाणी प्यायलो आणि आदर्श कोसळला. तळे गोमूत्र-शेणाने शुद्ध करण्यात आले आणि कोर्टात अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका ठिकाणी पाण्यावर मालकी सांगणारा मुसलमान, दुसऱ्या ठिकाणी हिंदू. दोन्हीकडे अडवलेला माणूस एकच.

म्हणून मी म्हणतो, ‘समन्वय’ हा शब्द तपासून घ्या. दैवते एकमेकांत कशी मिसळली हे तो उत्तम सांगतो; माणसे मिसळली की नाही, याबद्दल तो गप्प राहतो. पंढरपूरचा विठ्ठल हा महासमन्वय आहे, हे ढेऱ्यांनी मोठ्या व्यासंगाने दाखवले. पण त्या महासमन्वयाच्या दारात चोखोबा बाहेर राहिला, आणि ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

मलंगगडाकडे याच नजरेने पाहिले की वेगळेच चित्र दिसते. कल्याणजवळच्या या डोंगरावर मुसलमानांच्या श्रद्धेने हाजी अब्दुर्रहमान यांचा दर्गा आहे, तर अनेक हिंदूंच्या श्रद्धेने मच्छिंद्रनाथांची समाधी. उरूस भरतो तो माघी पौर्णिमेला. इंग्रजांनी गड सोडल्यावर पेशव्यांच्या वतीने कल्याणचे काशिनाथपंत केतकर चादर घेऊन वर गेले, असे सांगतात. व्यवस्था कोणाकडे असावी यावर १८१७ मध्ये वाद झाला. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीची चिठ्ठी निघाली, अशी नोंद ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. ब्राह्मण घराणे दर्ग्याची व्यवस्था पाहते, याचे केवढे कौतुक होते! पण पुढचा भाग कौतुक करणारे सांगत नाहीत. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकदा नव्हे, १९५४ आणि १९६८ असे दोनदा गेले. १९६८ च्या वादात प्रश्न होता एका जमिनीचा: ती दर्ग्याची की घराण्याची? घराण्याच्या बाजूने हिशेबाची कागदपत्रे पुढे आणली नाहीत, म्हणून न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध अनुमान काढले आणि जमीन दर्ग्याची ठरली. भक्तीच्या मागे हिशेबाची वही होती, आणि भांडण त्या वहीचे होते. डोंगर चढून येणाऱ्या आगरी, कोळी, बौद्ध, मुसलमान गोरगरिबांना चिठ्ठी टाकताना कोणी विचारले नाही, आणि वही उघडतानाही विचारले नाही.

१९८० च्या दशकात शिवसेनेने या गडावर आंदोलन सुरू केले. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी मलंगगडाच्या मुक्तीची भाषा केली. मुक्ती कोणाची? डोलीत माणसे बसवून ती खांद्यावर वर नेणाऱ्या मजुराची तर नव्हे.

यावर आपल्यातले काही तरुण म्हणतात, हे दोघांचे भांडण आहे, आपला काय संबंध? ही भूमिका मला मान्य नाही. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी अयोध्येत शिलान्यास झाला तेव्हा पहिली वीट ठेवायला बिहारचे दलित कार्यकर्ते कामेश्वर चौपाल यांना पुढे करण्यात आले. तीन वर्षांनी मशीद पडली. ज्यांना शतकानुशतके देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्यांच्या हाताला देऊळ बांधण्यासाठी अचानक मोल आले. आपण अलिप्त राहू म्हटले तरी ते आपल्याला अलिप्त ठेवत नाहीत. त्यांना हात लागतात, आणि ते हात आपल्याच वस्तीतून उचलले जातात.

आणि समोरच्या बाजूलाही आपला माणूस आहे, हे विसरून कसे चालेल? बाबासाहेबांनी १९४० च्या पाकिस्तानवरील ग्रंथात १९०१ च्या जनगणनेचा आधार देऊन मुसलमानांतल्या अरझल जातींचा उल्लेख केला. त्यांना मशिदीत आणि सार्वजनिक दफनभूमीत मज्जाव होता. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश फक्त हिंदूंपुरता निघाला, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. मैला उचलणारा मुसलमान कायद्याच्या दृष्टीने अस्पृश्य नाही, कारण त्याच्या धर्मात समता आहे असे गृहीत धरले आहे! दर्ग्यातला सलोखा आणि हा कायदा यांचे गृहीतक एकच आहे.

तर मग सामायिक स्थळे मोडीत काढायची का? मुळीच नाही. १५ ऑगस्ट १९४७ ची स्थिती कायम ठेवणारा १९९१ चा प्रार्थनास्थळ कायदा आपण जपला पाहिजे. एक दर्गा ‘मुक्त’ झाला की माझ्या आजीसारख्या बाईचे एक उघडे दार बंद होते. पण हा कायदा स्थळाचे धार्मिक स्वरूप गोठवतो. आतली उतरंड मोडण्याचे काम तो करत नाही. ते आपले काम आहे. म्हणून कोणत्याही स्थळाला ऐक्याचे प्रतीक म्हणण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो. किल्ली कोणाकडे आहे? हिशेब कोण पाहतो? पाण्याला कोण हात लावू शकतो? तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर खुशाल प्रतीक म्हणा.

१९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूरचे मोकळे मैदान निवडले. कोणाच्या ओट्यावर जागा मागितली नाही, कोणाचा ओटा पाडलाही नाही. आपल्या लेखकांनी हे ध्यानात ठेवावे. गडावरच्या चादरीबद्दल आणि आरतीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण पायरीवर बसलेल्यांबद्दल लिहू, त्यांच्या नारळाबद्दल आणि पाण्याबद्दल लिहू. हिंदू आणि तुर्क यांचा संवाद चारशे वर्षांपूर्वी आलिंगनाने संपला असे आपल्याला शिकवले. तिसरा माणूस जोहार न घालता त्यात बोलू लागेल, तेव्हाच तो संवाद पुरा होईल.