मराठी ग्रंथव्यवहारातील कथाचित्रकार : धुरंधर, दलाल आणि सरवटे

प्रस्तावना

मराठी वाङ्मयेतिहासात लेखक, प्रकाशक व नियतकालिके यांची सविस्तर दखल घेतली जाते; त्याच पानांवर चित्रे रेखाटणारा चित्रकार मात्र बहुधा श्रेयनामावलीपुरता उरतो. दुसरीकडे कलेतिहास त्याच्या कामाला ‘उपयोजित’ ठरवून बाजूला सारतो. चित्र ही मजकुराची सजावट आहे की मजकुराचे वाचन, या प्रश्नाच्या अनुषंगाने तीन चित्रकारांच्या कार्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धुरंधर : दोन चौकटी

कोल्हापूरला जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) १८९० मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकार म्हणून त्यांना मान्यता लाभली. त्यांचे ग्रंथचित्रण तुलनेने दुर्लक्षित राहिले. सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) व ऑटो रॉथफील्ड यांच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या दोन ग्रंथांसाठी त्यांनी चित्रे काढली. दोन्ही लेखक सनदी अधिकारी होते. पहिल्या ग्रंथात व्रतवैकल्यांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आहेत. भाषांतरात हरवणारा घरगुतीपणा धुरंधरांची चित्रे नऊवारी नेसण, बैठक व हावभाव यांतून परत आणतात. दुसऱ्या ग्रंथातील ४८ चित्रांत स्त्रिया जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडल्या आहेत. ही वर्गवारीची चौकट वसाहतकालीन आहे आणि चित्रकार ती मोडत नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्या चौकटीतही उभे राहण्याची ढब व्यक्तीची असते, नमुन्याची नव्हे.

दलाल : चित्रकार हाच संपादक

गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे वार्षिक सुरू केले. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ची (१८३६) सुरुवात रॉबर्ट सेमूरच्या चित्रांना मजकूर पुरवण्याच्या योजनेतून झाली होती, परंतु मजकुराने लवकरच चित्रांवर मात केली. दलालांच्या बाबतीत चित्रकारच नियतकालिकाचा मालक असल्याने चित्राला पानावर हक्काची जागा मिळाली. त्यांच्या डौलदार, अलंकृत स्त्रीप्रतिमांवर एकसाचीपणाचा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही. मात्र रंगीत छपाई महाग असण्याच्या काळात ज्या घरांत अस्सल चित्र कधीही पोहोचले नसते, तेथे रंगसंगती व रेषेची ओळख या अंकांनी करून दिली. कलाशिक्षणाच्या इतिहासात या कार्याला स्थान असावयास हवे.

सरवटे : रेषेचे भाष्य

वसंत सरवटे (१९२७–२०१६) व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने ‘ललित’ मासिकात केलेले सदरलेखन आज आठवते ते सरवट्यांनी रेखाटलेल्या हातोडाधारी मूर्तीसह. लेखकाने नाव दिले, चित्रकाराने देह दिला. येथे चित्र मजकुरामागून जात नाही. वाचकाच्या मनात लेखकाचा दुसरा चेहरा घडवते. शाईच्या एकरंगी रेषेला साधा कागद पुरतो, त्यामुळे साधनांची मर्यादा येथे शैलीचे बळ ठरली.

निष्कर्ष

धुरंधरांची चित्रे मजकुराला पूरक ठरतात, दलालांची चित्रे त्याच्या बरोबरीने उभी राहतात, तर सरवट्यांची रेषा त्यावर भाष्य करते. या तिन्ही नात्यांना ‘सजावट’ हा एकच शब्द लावणे अपुरे आहे.

या विवेचनाला एक व्यावहारिक बाजूही आहे. ग्रंथालयातील पुस्तक नव्या बांधणीसाठी गेले की त्याचे मुखपृष्ठ अनेकदा काढून टाकले जाते; दिवाळी अंक तर वर्ष सरताच रद्दीत जातात. चित्रकाराचे मूळ काम बहुधा हाती उरत नाही, छापील पान हाच त्याचा पुरावा असतो. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मुखपृष्ठे बांधणीच्या आत जपावीत आणि ग्रंथनोंदीत चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाखाली नियमाने घ्यावे. पुरावाच नष्ट झाला, तर पुढील संशोधकाला या चित्रकारांविषयी केवळ गौरवोद्गार वाचावे लागतील, चित्रे पाहता येणार नाहीत.