थोरला मुलगा दाराबाहेर

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकालाही बहुधा ठाऊक असतो. धाकटा मुलगा आपला वाटा मागून घेतो, दूरदेशी जाऊन तो उधळतो, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर शुद्धीवर येतो आणि घरची वाट धरतो. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलाने वाटेत घोकून ठेवलेले वाक्यही तो पुरे होऊ देत नाही. क्षमेवर बोलणारे बहुतेक जण येथेच डोळे पुसून थांबतात. गोष्ट मात्र थांबत नाही. थोरला मुलगा शेतातून परततो, वाजंत्री ऐकतो, एका गड्याला बोलावून चौकशी करतो आणि रागावून दाराबाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पुढे तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

ज्याला गोष्टी लिहिण्याची सवय आहे, त्याला हा शेवट लेखकाच्या हातून राहून गेला असे वाटणार नाही. येशू पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते; त्यांना उद्देशून ही गोष्ट सांगितलेली आहे. म्हणजे थोरला मुलगा श्रोत्यांतच बसला होता, आणि शेवट त्याने करायचा होता. माझी तक्रार आहे ती पुढच्या भाष्यकारांविषयी. धाकट्याला क्षमा कशी मिळाली याचा त्यांनी जितका खल केला, तितका थोरला घरात कसा येईल याचा केला नाही.

वस्तुतः नव्या कराराच्या ग्रीक भाषेत या दोन गोष्टींना दोन निराळे शब्द आहेत. क्षमेसाठी येणाऱ्या क्रियापदाचा साधा अर्थ सोडून देणे. ऋण सोडतात तसे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात राजा चाकराचे दहा हजार तालांत कर्ज सोडतो, तेथे हाच शब्द आहे. हा खतावणीतला शब्द झाला. समेटासाठी पौल वापरतो त्या शब्दाच्या मुळाशी अदलाबदल आहे, म्हणजे वैराच्या जागी सख्य येणे. देव आणि मनुष्य यांच्या समेटाविषयी तो हा शब्द वापरतो. आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवऱ्यापासून वेगळी झालेली बायको पुन्हा त्याच्याशी जुळते, तेथेही हाच वापरतो. हा घरातला शब्द आहे. कर्ज सोडायला सावकार एकटा पुरतो. घर जुळायला दोघे लागतात.

आपल्या ‘क्षमा’ या शब्दाने थोडा आणखी घोटाळा होतो. क्षमा म्हणजे पृथ्वी, क्षमा म्हणजे सोसणे. त्यामुळे क्षमा हे मोठ्या मनाच्या माणसाचे भूषण आणि ती मागणारा आपोआप लहान, असे आपण धरून चालतो. सोसणाऱ्याचे कौतुक होते. त्याला काय सोसावे लागले, हा प्रश्न मागे पडतो.

पाश्चात्त्य धर्मचिंतनाने खतावणीचा शब्द उचलला. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्मने मांडणी केली की, पापाने देवाच्या मानाचे देणे थकले; ते माणसाने द्यायला हवे, पण देवालाच देता येईल इतके ते मोठे आहे; म्हणून देव माणूस झाला. बाराव्या शतकात आबेलारने उलट बाजू धरली: क्रुसावरील प्रेम पाहून माणसाचे मन पालटते, समेटाचे मर्म ते. दोघेही थोर, पण दोघांच्याही विवेचनाचा भर देव आणि पापी या दोघांवरच. ज्याच्याविरुद्ध पाप घडले तो तिसरा माणूस दाराबाहेरच राहतो. १९३७ साली डीट्रिख बोनहेफर या जर्मन पाळकाने ‘स्वस्त कृपे’वर कोरडा ओढला; पश्चात्तापावाचून वाटली जाणारी क्षमा चर्चचा घात करते, असे त्याने बजावले. हिटलरच्या राजवटीने १९४५च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली. त्याची टीका पाप्याला जागे करण्यासाठी होती. पीडिताचा प्रश्न पुढे दक्षिण आफ्रिकेत उघड्यावर आला.

तेथे १९९५च्या कायद्याने सत्य व समेट आयोग स्थापन झाला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. १९९६च्या एप्रिलपासून साक्षी सुरू झाल्या. राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची संपूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळू शकत होती. पश्चात्ताप ही कायद्याची अट नव्हती. १९७७ साली पोलिसांच्या ताब्यात मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिको याच्या कुटुंबाने या माफीविरुद्ध घटना न्यायालयात दाद मागितली आणि १९९६ साली ते हरले. त्यांना सूड हवा होता, असे म्हणणे सोपे आहे. मला ते थोरल्या मुलासारखे दिसतात: मेजवानी ठरली, पण आम्हाला कोणी विचारले?

टुटूंचे १९९९चे पुस्तक क्षमेशिवाय भवितव्य नाही असे सांगते. ते अंतःकरण हलवते, आणि क्षमा म्हणजे विसरणे नव्हे हे स्वच्छ मांडते. माझे मतभेद आहेत ते त्याच्या स्वराशी. क्षमा करणाऱ्यांच्या कथा तेथे इतक्या तेजाने उजळतात की, ज्याच्याने क्षमा होत नाही तो वाचकाला खुजा वाटू लागतो. आणि भरपाईचे काय झाले? आयोगाने सहा वर्षे दरसाल मदत द्यावी अशी शिफारस केली होती. २००३ साली सरकारने प्रत्येकी तीस हजार रँड एकरकमी देण्याचे ठरवले. शब्द थोरांचे मिळाले, हिशेब मात्र तोकडा राहिला.

मग समेट दिसतो कसा? मराठी वाचकाला त्यासाठी फार दूर जायला नको. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला मागे ठेवून. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे स्वतःचा धर्म न सोडताच नवऱ्याजवळ राहायला गेल्या. त्यांचा बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. पौलाचा तो घरातला शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. मतैक्य झाल्यावर घर जुळले असे नाही. घर जुळले, मतैक्य मागून आले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला सर्वांत मोठे वाटते ते हे की, लक्ष्मीबाई क्षमाशीलतेचा आव आणीत नाहीत. नवऱ्याचा तापटपणा, लहर, आपले हाल, सारे त्या सांगून टाकतात आणि सांगता सांगता हसतात. ऋण सोडले, पण खतावणी फाडली नाही. सत्य बोलून झाल्यावर उरलेल्या प्रेमाला समेट म्हणावे, अशी व्याख्या मी या पुस्तकावरून करीन.

शाळेत मारामारी झाली की आम्ही शिक्षक दोघांना पुढे बोलावतो आणि हात मिळवायला लावतो. वर्ग शांत होतो, तास पुढे चालतो. एकाची मोडलेली कंपासपेटी मात्र दप्तरात तशीच असते, आणि ती आम्हाला दिसत नाही, कारण आम्हाला घाई असते ती शांततेची. वर्षानुवर्षे मी असे हात मिळवले आहेत. म्हणून दाखला पुन्हा वाचताना मी बापाकडे थोड्या संशयाने पाहिले. हा भला माणूस. दोन्ही मुलांसाठी तो घराबाहेर आला, आणि थोरल्याचे कडू बोल त्याने रागावाचून ऐकून घेतले. जे माझे ते तुझेच, अशी ग्वाहीही त्याने दिली. पण वासरू कापले, वाद्ये लागली, आणि शेतात राबणाऱ्याला निरोप धाडायचे कोणालाच सुचले नाही. त्याला ती बातमी गड्याकडून कळली.

त्या एका न धाडलेल्या निरोपाचा विचार ख्रिस्ती धर्मचिंतनाने, आणि आपणही, अजून पुरता केलेला नाही. तो होईपर्यंत थोरल्याला हट्टी म्हणण्याची घाई मी करणार नाही.