अध्यक्षांचा ‘मी’ आणि पत्रातील ‘तुम्ही’ : जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या शासकीय पत्रव्यवहाराचे एक वाचन

शासकीय पत्रव्यवहार हा वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेबाहेरचा विषय मानण्याची प्रथा जुनी आहे. पत्रवाङ्मयाचा विचार करताना समीक्षेने खासगी पत्राला अग्रस्थान दिले, कारण खासगी पत्रात लेखकाचे मन उघड होते अशी तिची श्रद्धा होती. शासकीय पत्र इतिहासकाराच्या स्वाधीन झाले आणि इतिहासकाराने त्याच्याकडे माहितीचे साधन म्हणून पाहिले. या वाटणीत एक प्रश्न कोणाच्याच वाट्याला आला नाही : शासकीय पत्रात ‘मी’ म्हणणारा कोण असतो? अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७८९ ते १७९७ या कारकिर्दीतील पत्रे हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा करतात. ज्या पदाच्या नावाने ही पत्रे लिहिली गेली ते पद तेव्हा नवे होते आणि त्या पदाने कोणत्या स्वरात बोलावे याचा कोणताही संकेत उपलब्ध नव्हता.

हा संकेताचा अभाव किती खोल होता हे मे १७८९ मधील एका वादावरून कळते. अध्यक्षांना कोणत्या उपाधीने संबोधावे यावर सेनेटमध्ये गंभीर चर्चा झाली. ‘हिज हायनेस’ या राजदरबारी संबोधनाला ‘स्वातंत्र्याचे संरक्षक’ अशी पुष्टी जोडणारी लांबलचक उपाधी सेनेटच्या समितीने सुचवली. प्रतिनिधिगृहाने ती मान्य केली नाही आणि अखेर ‘संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष’ हे साधे नामाभिधान कायम झाले. वरवर पाहता हा मानापमानाचा वाद वाटतो. वस्तुतः तो मायन्याचा वाद होता. राजाला लिहिण्याची भाषा तयार होती. नागरिकांनी निवडलेल्या प्रमुखाला नागरिकाने कसे लिहावे आणि त्याने नागरिकाला कसे उत्तर द्यावे, ही भाषा अजून घडायची होती.

लेखकत्वाचा प्रश्नही येथे गुंतागुंतीचा आहे. अध्यक्षांच्या पत्रांचे मसुदे अनेकदा टोबायस लिअर, डेव्हिड हम्फ्रीज यांसारख्या सचिवांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातून उतरत. १७९६ च्या प्रसिद्ध निरोपाच्या संदेशात मॅडिसन यांच्या १७९२ मधील मसुद्याचा अंश आहे आणि त्याच्या अंतिम घडणीत हॅमिल्टन यांचा वाटा मोठा आहे. मिशेल फुको यांनी १९६९ मधील आपल्या व्याख्यानात खासगी पत्राला स्वाक्षरी करणारा असतो, करारनाम्याला हमीदार असतो, परंतु त्यांना ‘लेखक’ नसतो असे प्रतिपादन केले होते. शासकीय पत्र या दोहोंच्या मध्ये उभे असते. त्यावरील स्वाक्षरी एकाच वेळी एका देहधारी माणसाची आणि एका पदाची असते. या दोन स्वाक्षऱ्या एकमेकींशी जुळतात की नाही, आणि न जुळल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासाठी तीन पत्रप्रसंग पुरेसे आहेत.

पहिला प्रसंग न्यूपोर्टचा. ऱ्होड आयलंड या संस्थानाने राज्यघटनेला मे १७९० च्या अखेरीस, म्हणजे मूळ तेरा संस्थानांत सर्वांत शेवटी, मान्यता दिली. त्यानंतर ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन यांनी न्यूपोर्टला भेट दिली. तेथील ज्यू समाजाच्या वतीने मोझेस सेक्सस यांनी त्यांना मानपत्र दिले. याच वसाहतीत १७६२ साली एरन लोपेझ या ज्यू व्यापाऱ्याला नागरिकत्व नाकारले गेले होते. स्वतंत्र नागरिकांच्या हक्कांपासून आपण आजवर वंचित होतो, याचा उल्लेख मानपत्रात आहे. त्याच मानपत्रात नव्या शासनाचे वर्णन धर्मद्वेषाला मान्यता न देणारे आणि छळाला साहाय्य न करणारे, असे येते. वॉशिंग्टन यांच्या उत्तरात हेच शब्द जवळजवळ जसेच्या तसे परत येतात आणि पुढील दोन शतकांत ते त्यांच्याच नावाने उद्धृत होत राहतात.

मानपत्रातील शब्द उत्तरात परत करणे हा त्या काळच्या पत्रप्रकाराचा संकेत होता, त्यामुळे याला उसनवारी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु या संकेताचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे. एका अल्पसंख्य समाजाने शासनाविषयीची आपली अपेक्षा वर्णनाच्या रूपात मांडली. ते वर्णन अध्यक्षांनी आपल्या स्वाक्षरीखाली परत उच्चारताच त्याचे वचन झाले. धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १७९१ मध्ये अमलात आली. पत्र त्याच्या सोळा महिने आधीचे आहे. शिवाय उत्तर हा केवळ प्रतिध्वनी नाही. एका वर्गाने दुसऱ्यावर कृपा करावी तशी सहिष्णुतेची भाषा आता उरलेली नाही, कारण सर्वांचे हक्क जन्मसिद्ध आहेत, असा विचार त्यात पुढे मांडला आहे. न्यूपोर्टच्या पत्रातील ‘मी’ अशा रीतीने ‘तुम्ही’च्या शब्दांनी घडला आहे. पद बोलू लागते ते नागरिकाने पुरवलेल्या भाषेत.

हे दिसण्यासाठी दोन्ही पत्रे शेजारी असावी लागतात, आणि संपादनाच्या इतिहासाने नेमकी तीच सोय दीर्घकाळ नाकारली. जेरेड स्पार्क्स यांनी १८३४ ते १८३७ या काळात काढलेल्या बारा खंडांत वॉशिंग्टन यांची भाषा जागोजागी सुधारून घेतली होती. जॉन फिट्झपॅट्रिक यांच्या १९३१ ते १९४४ मधील एकोणचाळीस खंडांनी पाठाची शिस्त आणली, पण त्यांत वॉशिंग्टन यांनी लिहिलेली पत्रेच होती. त्यांना आलेली पत्रे नव्हती. प्रश्न वगळून उत्तरे छापली की उत्तर देणारा आपोआप एकमेव लेखक ठरतो. व्हर्जिनिया विद्यापीठात १९६०च्या दशकाअखेर सुरू झालेल्या प्रकल्पाने आलेली आणि गेलेली अशी दोन्ही पत्रे एकत्र दिली, तेव्हा या पत्रव्यवहाराचे संवादस्वरूप वाचकाच्या हाती आले.

दुसरा प्रसंग त्याच वर्षाच्या डिसेंबरमधील आहे. सेनेका राष्ट्राचे प्रमुख कॉर्नप्लँटर, हाफ-टाउन आणि ग्रेट-ट्री फिलाडेल्फियाला आले आणि १ डिसेंबर १७९० रोजी त्यांनी अध्यक्षांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. त्यांचे भाषण दुभाष्यामार्फत इंग्रजी लेखात उतरले. त्यात अध्यक्षांना ‘पिता’ असे संबोधन आहे. पण याच पित्याला आपले लोक ‘गावे उद्ध्वस्त करणारा’ या नावाने ओळखतात, असेही त्यात सांगितले आहे. १७७९ साली सेनापती वॉशिंग्टन यांच्या आदेशावरून जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने इरोक्वॉय प्रदेशातील गावे, धान्य आणि फळबागा जाळल्या होत्या. प्रमुखांनी ते नाव त्या स्मृतीशी जोडले : ते कानी पडताच स्त्रिया आजही मागे वळून पाहतात आणि मुले आईच्या गळ्याला बिलगतात. आपण तुमच्या मुठीत आहोत असे तुम्ही म्हणालात. मग ती मूठ आवळण्याचा तुमचा निश्चय झाला आहे काय, असा थेट प्रश्नही त्यांनी विचारला.

२९ डिसेंबरच्या उत्तराचा आरंभ पत्रशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण आहे. अध्यक्ष आपण स्वमुखाने, तसेच स्वहस्ताक्षरित आणि मुद्रांकित लेखाने सेनेका राष्ट्राशी बोलत आहोत, असे सांगतात. मुख, हात आणि मुद्रा यांचा हा एकत्र उल्लेख देह आणि पद यांना एका सूत्रात बांधू पाहतो. परंतु जमिनींच्या व्यवहारांतील अन्यायाचा विषय येताच हे सूत्र सुटते. ते अनिष्ट सध्याचे शासन स्थापन होण्यापूर्वी, स्वतंत्र संस्थाने व्यवहार करीत असताना घडले; आता परिस्थिती पालटली आहे, असा खुलासा उत्तरात येतो. त्यापुढील आश्वासन क्षुल्लक नाही. संयुक्त संस्थानांच्या अधिकाराखाली भरलेल्या जाहीर तहसभेवाचून कोणीही तुमची जमीन विकत घेऊ शकणार नाही, ही हमी जुलै १७९० च्या कायद्यावर आधारलेली होती.

येथे दोन काळ समोरासमोर येतात. पदाचा काळ १७८९ पासून सुरू होतो. त्याला त्यापूर्वीची स्मृती नाही. सेनेकांच्या दृष्टीने मात्र गावे जाळण्याचा आदेश देणारा आणि हमी देणारा माणूस एकच आहे. त्यांचे भाषण त्या माणसाला उद्देशून होते आणि उत्तर पदाने दिले. जळलेल्या गावांची प्रतिमा त्या उत्तरात अनुत्तरित राहते. न्यूपोर्टमध्ये संबोधिताचे शब्द अध्यक्षांनी परत उच्चारले होते; येथे संबोधिताचे सर्वांत अवघड शब्द वगळूनच उत्तर शक्य झाले.

तिसरा प्रसंग १७९६ मधील. ओना जज ही मार्था वॉशिंग्टन यांच्या सेवेतील गुलाम तरुणी कायद्याने कस्टिस इस्टेटीच्या मालकीची होती. २१ मे रोजी फिलाडेल्फियातील अध्यक्षीय निवासातून ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरमधील पोर्ट्समथला पोहोचली. लगेच निवासाच्या कारभाऱ्याने दिलेल्या जाहिरातीत तिच्या शोधासाठी दहा डॉलरचे इनाम ठेवले होते. ती संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षांच्या घरातून पळाल्याचे त्यात म्हटले होते. १ सप्टेंबरला वॉशिंग्टन यांनी अर्थखात्याचे सचिव ऑलिव्हर वोलकॉट यांना पत्र लिहून पोर्ट्समथच्या जकात अधिकाऱ्यामार्फत तिला परत मिळवण्याची विनंती केली. तिला दासीपेक्षा मुलीसारखे वाढवले होते आणि ती कृतघ्न निघाली, अशी तक्रार पत्रात आहे. यानंतर अठरा दिवसांनी, १९ सप्टेंबरला, निरोपाचा संदेश वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला.

हा खासगी मामला आहे, त्याला शासकीय पत्रव्यवहारात जागा नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. परंतु पत्राचा मार्गच त्याला उत्तर देतो. अध्यक्षांकडून अर्थसचिवांकडे आणि तेथून जकात अधिकारी जोसेफ व्हिपल यांच्याकडे जाणारी ही वाट शासनाच्या अधिकारश्रेणीची आहे. फरारी गुलामांविषयीचा कायदा स्वतः वॉशिंग्टन यांच्या स्वाक्षरीने फेब्रुवारी १७९३ मध्ये झाला होता आणि त्यात दंडाधिकाऱ्यापुढे दावा सिद्ध करण्याची उघड रीत सांगितली होती. ती टाळून पदाच्या पत्रमार्गाचा उपयोग केला गेला. सेनेकांना उत्तर देताना पदाने माणसाची स्मृती बाजूला ठेवली होती. येथे माणसाने आपल्या कामासाठी पद वापरले.

व्हिपल यांनी ओना जजशी बोलणे केले आणि तिची अट कळवली : अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्ती मिळणार असेल तर ती परतायला तयार आहे. वॉशिंग्टन यांनी २८ नोव्हेंबरला थेट व्हिपल यांना उत्तर दिले. अशी तडजोड सर्वथा अग्राह्य आहे. क्रमाक्रमाने किंवा संपूर्ण मुक्तीविषयी मनात कितीही अनुकूलता असली, तरी अप्रामाणिकपणाला बक्षीस देणे इतर सेवकांवर अन्याय ठरेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. लोकक्षोभ होईल असे बळ वापरू नये, अशी सूचनाही त्यांनी दिली.

एमील बेनव्हेनिस्त यांनी सर्वनामांच्या विवेचनात तृतीय पुरुषाला ‘अ-व्यक्ती’ म्हटले आहे. ‘मी’ आणि ‘तुम्ही’ हे संवादातील सहभागी. ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणजे ज्याच्याविषयी बोलले जाते पण जो बोलण्यात नाही. ओना जजचे या पत्रांतील स्थान अक्षरशः असे आहे. तिने अट घातली, म्हणजे तिने वाटाघाट केली. एका पक्षाचे म्हणणे, त्याला दुसऱ्याचे उत्तर, हा पत्रव्यवहाराचा सांगाडा येथे पूर्ण आहे. तरीही तिचे म्हणणे व्हिपल यांच्या वाक्यात अप्रत्यक्ष कथन होऊन येते आणि नकार तिला उद्देशून दिला जात नाही. व्हिपल यांना सौजन्याने ‘आपण’ म्हटले जाते. ती ‘ती’च राहते.

हे केवळ वर्णाने ठरले, असे म्हणून भागत नाही. सेनापती असताना, फेब्रुवारी १७७६ मध्ये, वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय कवयित्री फिलिस व्हीटली यांना त्यांच्या कवितेबद्दल आभाराचे पत्र लिहिले होते. व्हीटली तोवर दास्यातून मुक्त झाल्या होत्या. मालमत्ता मानल्या गेलेल्या व्यक्तीला पत्र लिहिणे म्हणजे तिला करार करू शकणारी व्यक्ती मानणे. आणि ओना जजच्या अटीला होकार देणे म्हणजे असा करारच करणे झाले असते. पत्रप्रकाराची मर्यादा येथे मालकीहक्काच्या मर्यादेशी तंतोतंत जुळते.

वॉशिंग्टन यांच्या दांभिकतेचा पुरावा म्हणून ही तीन पत्रे मांडणे सोपे आहे, पण त्यामुळे प्रश्न पुन्हा एका माणसाच्या मनापाशी येऊन थांबतो आणि लेखकाच्या अंतरंगाचा शोध घेणारी जुनी समीक्षाच मागील दाराने आत येते. न्यूपोर्टच्या पत्रातील तत्त्व खोटे नव्हते. ते ज्याला ‘तुम्ही’ म्हटले गेले त्याच्यापुरते खरे होते. सेनेकांना दिलेली हमी कायद्यावर उभी होती. ज्या पदाने ती दिली त्याला १७७९ आठवत नव्हते. शासकीय पत्राचा अर्थ त्यातील विधानांत जितका असतो तितकाच ते कोणाला लिहिले गेले, कोणाचे शब्द परतवले गेले आणि कोणाविषयी लिहून कोणाला लिहिलेच गेले नाही, या रचनेत असतो. असे वाचन करायचे तर समीक्षेला स्वाक्षरी करणाऱ्याच्या संग्रहाबाहेर जावे लागते.

ओना जजच्या बाबतीत तसा मार्ग सुदैवाने उपलब्ध आहे. ती परतली नाही. न्यू हॅम्पशरमध्ये तिने विवाह केला, ती वाचायला शिकली आणि १८४० च्या दशकात गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रांना तिने मुलाखती दिल्या. पळून आल्याचा पश्चात्ताप होतो का, या प्रश्नाला तिचे उत्तर नकारार्थी होते. १८४८ मध्ये तिचा मृत्यू झाला. वॉशिंग्टन यांच्या पत्रांच्या कोणत्याही खंडात या मुलाखती त्यांच्या पत्रांचा भाग म्हणून येणे शक्य नाही, कारण त्या त्यांना उद्देशून नाहीत. तरीही २८ नोव्हेंबर १७९६ च्या पत्रात ज्या पक्षाचे म्हणणे परस्पर निकालात काढले गेले, त्या पक्षाने प्रथमपुरुषात दिलेले उत्तर त्यांतच आहे, आणि ते पत्र यापुढे या मुलाखतींसह वाचले गेले पाहिजे.