सहा टक्के, पण कुणाचे?



मागच्या महिन्यात एका ज्युनियर मुलीने तिचा संशोधन आराखडा वाचायला पाठवला. पेट पास झालीय, आता मुलाखतीची तयारी चालू आहे. विषय चांगला निवडलाय: ‘ऑफिसात परत या’ या आदेशावर सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रतिक्रिया. भाषा नीट, रचना नीट. पण प्रस्तावनेच्या दुसऱ्याच वाक्याशी मी अडखळले. तिथे लिहिलं होतं की अमेरिकेत फक्त ६ टक्के केंद्रीय कर्मचारी पूर्णवेळ ऑफिसात येत होते, म्हणून सरकारला आदेश काढावा लागला.

मी तिला फोन करून विचारलं, “हे सहा टक्के कुणाचे?”

ती म्हणाली, “ताई, हे तर सगळीकडे आहे. सिनेटरच्या अहवालातही आहे.”

सगळीकडे आहे हे खरंच. आजचा लेख त्या आकड्याबद्दल आहे. एका आकड्यावर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण आपण आराखडा लिहिताना जी चूक सगळ्यात सहज करतो, तिचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. आणि इथे त्या चुकीची किंमत लाखो माणसांच्या रोजच्या आयुष्याशी जोडलेली होती.

आधी घटनाक्रम बघू. २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी एक छोटंसं परिपत्रक काढलं. सगळ्या विभागप्रमुखांनी घरून काम करण्याच्या व्यवस्था बंद कराव्यात, कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कामाच्या ठिकाणी बोलवावं, आणि आवश्यक वाटतील ते अपवाद विभागप्रमुखांनी ठरवावेत, एवढाच त्याचा आशय. हा आदेश हवेतून आला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी यांनी वॉल स्ट्रीट जर्नलमधल्या लेखात उघडच लिहिलं होतं की आठवड्याचे पाच दिवस ऑफिस सक्तीचं केलं तर बरेच लोक स्वतःहून नोकरी सोडतील, आणि ते आम्हाला चालेल. डिसेंबरमध्ये सिनेटर जोनी अर्न्स्ट यांचा अहवाल आला. हा ६ टक्क्यांचा आकडा गाजला तो तिथून. त्यानंतर मस्क यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की सुरक्षारक्षक आणि देखभालीचे लोक वगळले तर खरा आकडा १ टक्क्याच्या जवळ असेल.

आता आकड्याचा उगम. फेडरल न्यूज नेटवर्क नावाचं एक माध्यम आहे. ते सरकारी नोकरीविषयीच्या बातम्या देतं. २०२४ मध्ये त्यांनी ऑनलाइन सर्व्हे घेतला. विषय होता ऑफिसात परतण्याबद्दल कर्मचाऱ्यांना काय वाटतं. ६,३३८ जणांनी तो भरला. त्यात ६ टक्के लोक म्हणाले आम्ही पूर्णवेळ ऑफिसात असतो, ३० टक्के म्हणाले आम्ही पूर्णवेळ घरून काम करतो, आणि उरलेले ६४ टक्के मधले, थोडे दिवस इथे, थोडे दिवस तिथे. सर्व्हे वाचकांसाठी खुला होता. ज्याला वाटेल त्याने भरायचा, आणि आपण सरकारी कर्मचारी आहोत हेही त्यानेच सांगायचं. तो शास्त्रीय नमुन्यावर आधारलेला नव्हता, हे पुढे त्या माध्यमानेही स्पष्ट केलं.

याच सुमाराची दुसरी मोजणी बघा. व्हाइट हाऊसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने, म्हणजे ओएमबीने, ऑगस्ट २०२४ मध्ये संसदेला अहवाल दिला. २४ मोठ्या विभागांमधले सुमारे २२.८ लाख नागरी कर्मचारी त्यात धरले होते. त्यातले ५४ टक्के, म्हणजे सुमारे १२ लाख, अशा कामात होते की घरून काम करण्याचा प्रश्नच येत नाही. उरलेल्या ४६ टक्क्यांना घरून काम करण्याची मुभा होती. पूर्णपणे दूरस्थ, म्हणजे ऑफिसात येणं अपेक्षितच नाही, असे लोक सुमारे २ लाख २८ हजार, म्हणजे १० टक्के. हे दूरस्थ लोक सोडून बाकी मुभा असलेल्यांचे कामाचे तास मोजले, तर ६१.२ टक्के तास त्यांनी कामाच्या ठिकाणीच घालवले होते.

एकीकडे ६, दुसरीकडे ५४. व्याख्येत थोडा फरक धरला तरी हे अंतर त्याने भरून निघत नाही. मग ते आलं कुठून?

सर्व्हे कुणी भरला असेल, याचा विचार करा. त्या १२ लाखांत कोण आहेत? माजी सैनिकांच्या दवाखान्यातली नर्स, विमानतळावर बॅगा तपासणारा, सीमेवरचा अधिकारी, कत्तलखान्यात मांस तपासणारा निरीक्षक, अभयारण्यातला रेंजर. ‘ऑफिसात परत या’ हा सर्व्हे त्यांच्यासाठी नाहीच. ते कधी गेलेच नव्हते, तर परत कुठून येणार? वॉर्डातली नर्स रात्रपाळी संपवून असला फॉर्म कशाला भरेल? तो भरणार टेबलावर बसून काम करणारा, कर्मचारी-धोरणाच्या बातम्या नेमाने वाचणारा, आणि ज्याचं घर, मुलांची शाळा, दीड-दोन तासांचा प्रवास त्या आदेशावर अवलंबून आहे तो. प्रतिक्रिया विचारली की ज्याला प्रतिक्रिया द्यायची आहे तोच पुढे येतो. याला स्वयंनिवडीचा बायस म्हणतात.

इथे माझ्या ज्युनियरने एक प्रश्न विचारला, आणि तो बहुतेकांना पडतो. “पण ताई, सहा हजार म्हणजे नमुना मोठाच आहे ना?”

चला, गणित करून बघू. नमुना खरोखर यादृच्छिक असता, तर ६,३३८ लोकांमध्ये ६ टक्क्यांची ९५ टक्के विश्वास पातळीवरची चूक येते साधारण ०.६ टक्के. म्हणजे उत्तर ५.४ ते ६.६ च्या मध्ये. किती नेमकं वाटतं! आणि ओएमबीचा आकडा त्या मर्यादेच्या सुमारे ८० पट लांब आहे. कारण ते सूत्र फक्त योगायोगाने होणारी चूक मोजतं. चुकीच्या दारावर उभं राहून माणसं मोजली तर ती चूक सूत्रात येतच नाही. नमुना वाढवला की आपण चुकीच्या उत्तराबद्दल जास्त ठाम होतो, एवढंच. १९३६ साली लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने हेच केलं होतं. जवळपास एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले.

मी हे शहाणपणाच्या खुर्चीत बसून सांगत नाहीये. एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी चाळीस विहिरींचं पाणी तपासलं होतं. सगळ्या विहिरी डांबरी रस्त्यालगतच्या, कारण स्कूटी तिथपर्यंतच जायची. नायट्रेटचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, “आतल्या वाड्यांवरचे लोक पाणी पीत नाहीत का?” मला आजही तो आठवला की कान गरम होतात.

आता दुसरी बाजू. टीका एकाच बाजूच्या आकड्यांवर केली तर ती टीका राहत नाही, वकिली होते.

पहिली गोष्ट, ओएमबीचा आकडाही विभागांनी स्वतःच दिलेल्या नोंदींवर उभा आहे. हजेरीपत्रकात ‘ऑफिस’ लिहिलेला प्रत्येक तास खरंच ऑफिसात गेला का, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी तो ६ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त विश्वासार्ह मानते, कारण त्याचा छेद माहीत आहे. पण तो अंतिम सत्य नाही.

दुसरी गोष्ट, आदेशाच्या समर्थकांकडे एक भक्कम आकडा होता. सरकारी लेखापरीक्षण संस्था जीएओने २०२३ मध्ये २४ विभागांची मुख्यालयं पाहिली. त्यातल्या १७ विभागांत इमारतीच्या क्षमतेचा सरासरी २५ टक्के किंवा त्याहून कमी वापर होत होता. मग नर्स-निरीक्षकांचे १२ लाख कुठे गेले? ते मुख्यालयात नसतातच. ते दवाखान्यात, विमानतळावर, सीमेवर असतात. इमारत रिकामी आणि बहुसंख्य कर्मचारी कामाच्या जागी, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. एकाचा छेद इमारतीची क्षमता आहे, दुसऱ्याचा माणसं. वादात मात्र दोन्ही बाजू एकमेकींना खोटं ठरवत बसल्या.

तिसरी गोष्ट विरोधकांच्या दाव्याची. आदेशामुळे हजारो लोक सोडून गेले, असं माझ्या ज्युनियरच्या आराखड्यात चौथ्या पानावर होतं, आणि पुरावा म्हणून सुमारे ७५ हजारांचा आकडा. पण ते ७५ हजार लोक वेगळ्याच योजनेखाली गेले. २८ जानेवारीला सगळ्यांना ईमेल गेला की आत्ता राजीनामा द्या, सप्टेंबरपर्यंत पगार घ्या. पाठोपाठ फेब्रुवारीत परिविक्षा काळातल्या हजारोंना काढायला सुरुवात झाली, मग आठवड्यात काय केलं ते पाच मुद्द्यांत कळवा असा ईमेल आला. आदेश, पैशाची ऑफर आणि नोकरी जाण्याची भीती हे सगळं पाच आठवड्यांत. यातून फक्त आदेशाचा परिणाम वेगळा काढणार कसा? प्रयोगशाळेत एकाच परीक्षानळीत तीन अभिकर्मक ओतले आणि रंग बदलला, तर कशामुळे बदलला हे तुम्ही सांगाल का?

आणि बोलणं आणि वागणं यातलं अंतर वेगळंच. ‘सक्ती केली तर मी सोडेन’ असं सर्व्हेत लिहिणं सोपं आहे. घराचा हप्ता चालू असताना सोडणं अवघड. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप कंपनीत केलेला, २०१५ मध्ये छापून आलेला प्रयोग यासाठी जरूर वाचा. घरून काम करायला स्वतः तयार झालेल्यांमधूनच त्यांनी गट पाडले होते. काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण प्रयोग संपल्यावर पुन्हा निवडायला सांगितलं, तर निम्म्याहून जास्त लोकांनी आपली निवड बदलली. अनुभव घेण्याआधीचं मत आणि नंतरचं मत इतकं वेगळं असू शकतं.

मग प्रतिक्रियांचा अभ्यास करायचाच नाही का? जरूर करायचा. अमेरिकी सरकार दरवर्षी स्वतः कर्मचाऱ्यांचं मत विचारणारा मोठा सर्व्हे घेत असे. त्यात कुणाला विचारलं आणि कुणी उत्तर दिलं हे माहीत असतं, त्यामुळे न बोललेल्यांचा अंदाज बांधता येतो. २०२५ चा तो सर्व्हे सरकारने रद्द केला. म्हणजे ज्या वर्षी या लोकांच्या कामाच्या जागेबद्दल एवढा मोठा निर्णय झाला, त्याच वर्षी त्यांना विचारण्याचं नेहमीचं साधन बंद झालं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकतं. चुकीचा आकडा निदान खोडता येतो, न घेतलेली मोजणी नंतर कुठून आणणार?

ज्युनियरला मी तीन गोष्टी करायला सांगितल्या. तुमच्याही उपयोगाच्या आहेत.

एक, कुठलीही टक्केवारी लिहिण्याआधी छेद एका वाक्यात लिहा. ‘अमुक इतक्या लोकांपैकी, ज्यांना अशा पद्धतीने गाठलं.’ लिहिता आलं नाही तर आकडा वापरू नका.

दोन, कोण उत्तर देणार नाही याची यादी प्रश्नावली बनवण्याआधी करा. तिने आपला फॉर्म कर्मचारी संघटनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं ठरवलं होतं. मी विचारलं, प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका, एसटीचा वाहक, गावोगाव फिरणारा तलाठी यात कुठे आहेत? ती थोडा वेळ गप्प बसली.

तीन, तुमच्या बाजूचा आकडा दुप्पट कडक तपासा. सहा टक्के खोडताना मजा येते. ७५ हजार खोडताना हात थांबतो, कारण तो आपल्याला हवा असतो.

परवा तिचा सुधारलेला आराखडा आला. शीर्षकातून ‘सरकारी कर्मचाऱ्यांच्या’ गेलंय आणि ‘घरून काम करण्याची मुभा असलेल्या कर्मचाऱ्यांच्या’ आलंय. विषय लहान झाला म्हणून ती जरा नाराज आहे. मुलाखतीत कुणी “हे कुणाचे आकडे?” असं विचारलं, तर आता तिच्याकडे उत्तर आहे.

तुमच्या आराखड्यातही असा एखादा ‘सगळीकडे आहे’ आकडा असेल, तर आज रात्रीच तो उघडून बघा. मूळ सर्व्हेपर्यंत पोचायला मला चाळीस मिनिटं लागली होती.