थैली कोणाची, वाणी कोणाची?

आयर्लंडच्या ‘आरटीई’ या राष्ट्रीय वाहिनीवर आजही सायंकाळी सहा वाजता आंजेलसची घंटा वाजते. १९६२ पासूनची ही प्रथा पाहून तेथील दूरचित्रवाणी ख्रिस्तसभेच्या छत्राखाली चालत असावी, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या या देशात पडद्यावर काय दिसावे, हे पैसा कोठून येतो यावरच पुष्कळसे ठरत आले आहे.

३१ डिसेंबर १९६१ रोजी ही सार्वजनिक मालकीची सेवा सुरू झाली, ती दोन थैल्यांवर: घरटी परवाना शुल्क आणि जाहिराती. लहान देशाला केवळ शुल्क पुरणार नव्हते. पुढे १९९८ साली ‘टीव्ही थ्री’ ही खासगी वाहिनी अवतरली. तिचे मालक बदलत गेले आणि २०१८ पासून ती ‘व्हर्जिन मीडिया’ या नावाने ओळखली जाते.

या व्यवस्थेतही चांगले काम झाले, हे आम्ही आवर्जून नमूद करतो. फादर जो डन आणि त्यांच्या सहकारी धर्मगुरूंनी ‘रायार्क’ म्हणजे ‘दृश्य’ या नावाने १९६२ ते १९९६ या काळात चारशेहून अधिक माहितीपट प्रेक्षकांपुढे आणले. १९६५ च्या ‘द बोट ट्रेन टू यूस्टन’मध्ये पोटासाठी इंग्लंडची वाट धरणाऱ्या आयरिश माणसांची व्यथा आहे. धर्मगुरूंनी कॅमेरा हाती घ्यावा आणि विषय मात्र स्थलांतरितांचा निवडावा, यातच या उपक्रमाचे मोठेपण आहे.

परंतु आयरिश बोलणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला फारच थोडा वेळ येई. अखेर १९८७ साली कोनमारातील रॉस मक येथे कार्यकर्त्यांनी विनापरवाना प्रक्षेपण करून दाखवले. १९९६ साली आयरिश भाषेची स्वतंत्र वाहिनी निघाली. आज ती ‘टीजी फोर’ म्हणून परिचित आहे. २००७ मध्ये ती आरटीईपासून वेगळी झाली. तिचा मुख्य खर्च सरकारी तिजोरीतून भागतो आणि बरेचसे कार्यक्रम ती बाहेरच्या निर्मात्यांकडून करून घेते. तिच्याच सहभागाने चाललेल्या ‘सिने फोर’ या योजनेतून कोल्म बॅरेड यांचा ‘द क्वायट गर्ल’ हा २०२२ चा चित्रपट निर्माण झाला. नातेवाइकांकडे पाठवलेल्या एका अबोल मुलीची ही कथा. तिला माया लाभते ती रोजच्या साध्या कामांतून, आणि दिग्दर्शकाने कोठेही अश्रूंचा बाजार मांडलेला नाही. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात नामांकन मिळालेला हा पहिला आयरिशभाषक चित्रपट.

इकडे आरटीईवर मात्र २०२३ साली नामुष्की ओढवली. एका नामवंत निवेदकाला सहा वर्षांत ३ लाख ४५ हजार युरो जाहीर न करता दिले गेल्याचे उघड झाले. संतापलेल्या अनेक कुटुंबांनी १६० युरोंचे शुल्क भरणे थांबवले. २०२४ मध्ये शासनाने शुल्क कायम ठेवूनच तीन वर्षांसाठी ७२ कोटी ५० लाख युरोंची तरतूद जाहीर केली.

शासनाचा पैसा आला की शासनाचा धाकही येणार, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. म्हणूनच रक्कम अनेक वर्षांसाठी आधीच ठरलेली असावी आणि हिशेब जनतेसमोर खुला असावा, असे आम्हांस वाटते. शिवाय पैसा नुसता संस्थेला न देता नेमून दिलेल्या कार्याला द्यावा. ‘द क्वायट गर्ल’ला तो तसा मिळाला, आणि ज्या भाषेसाठी रॉस मकच्या माणसांना कायदा मोडावा लागला होता, ती भाषा जगाने चित्रपटगृहात बसून ऐकली.